वाट न पाहण्याचा नियम

बेळगाव,
ता. २० सप्टेंबर १९३८

चि. सौ. राजमतीस प्रेमलाआक्काचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

इकडे सारे क्षेम. काल खडेबाजारात तुमच्या शेजारच्या मालुबाई भेटल्या. राजमतीवैनी आठवड्याला चार-चार उपास करत्यात, बस्तीच्या देवळात बायका त्यांच्या पाया पडत्यात, असं भर रस्त्यात सांगत होत्या. शाळेत घंटेआधीच डबा उघडणारी तू, आणि हे तप! मला हसूही आलं, अभिमानही वाटला. पूजेला नेसायला पांढरं पातळ त्यांच्याबरोबर पाठवलं आहे.

कुंथुनाथरावांविषयी हल्ली तू ओळही लिहीत नाहीस. वखारीतून वेळेवर येतात ना?

लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.

तुझी आक्का

निपाणी,
ता. २६ सप्टेंबर १९३८

ति. सौ. नव्हे, नुसत्या माझ्या आक्कास राजमतीचा शि. सा. नमस्कार.

पातळ पोचलं. पेटीत ठेवलं आहे, नेसवत नाही.

आक्का, माझे उपास खरे नाहीत. नवरा जेवल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही, असं सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पूर्वी हे पाचला यायचे, दिवस असतानाच दोघांची जेवणं व्हायची. आता तंबाखूच्या वखारीतून सरळ गुत्त्यात जातात. येतात तेव्हा दिवस मावळलेला असतो, आणि आपल्या जैनांच्या रीतीनं मावळल्यावर मी जेवत नाही. सकाळी ह्यांना अन्न नको असतं. दुपारी डबा पाठवला तर तसाच परत येतो. एकदा मालुबाईंनी तोंड का सुकलंय विचारलं, तेव्हा उपास आहे म्हणून गेले. तेवढं एक खोटं बोलले. बाकी सगळं लोकांनी केलं.

सर्वांत वाईट सांगते. मला ते आवडू लागलं आहे. पोट रिकामं असलं की दाराकडे लागलेले कान गप्प होतात, छातीतली धडधड थांबते. परवा विहिरीपाशी चक्कर आली, पाठ असलेली स्तोत्रं मधेच विसरते. तरी कार्तिकात आठ दिवस नुसत्या पाण्यावर राहीन, असं बस्तीत बोलून बसले आहे. त्यानंतरचं काही मनात येत नाही.

रागावू नकोस. तुझ्यावाचून हे लिहायला मला कोणी नाही.

राजमती

बेळगाव,
ता. १ ऑक्टोबर १९३८

चि. राजमतीस,

आज आशीर्वाद आधी नाही, क्षमा आधी. तू उपाशी असताना मी पातळ पाठवलं आणि मनात मिरवले.

पत्र वाचून गाडी सांगितली होती, मग थांबले. मी येऊन दोन दिवस भरवीन, तिसऱ्या दिवशी तू पुन्हा उंबऱ्यात बसशील. त्यांची दारू तुझ्या उपाशी राहण्यानं एक घोटही कमी झालेली नाही. ती सोडवणं तुझ्या हातात नाही. ताट आहे.

कॉन्व्हेंटच्या शाळेत घंटा होते न होते तोच आपण दोघी जेवायचो. कुणाची वाट बघणं तेव्हा आपल्याला ठाऊकच नव्हतं. तू नियम मोडणारी नव्हेस, म्हणून एक नवा नियम घे. बस्तीत, उपाध्यांसमोर, सगळ्या बायकांदेखत घे: रोज दिवस असताना जेवेन, कुणासाठी थांबणार नाही. कारण विचारलं तर खरं सांग. लाज वाटेल. ती माझ्या नावावर टाक.

जेवलीस एवढंच कळव. मग येतेच.

आक्का

निपाणी,
ता. १५ ऑक्टोबर १९३८

ति. आक्कास पोटात अन्न असलेल्या राजमतीचा नमस्कार.

रविवारी नियम घेतला. उपाध्ये गोंधळले, असा नियम कुणी मागितला नव्हता म्हणाले. मी कारण सांगितलं. मग मालुबाई पुढं आल्या आणि मलाबी ह्योच नियम द्या म्हणाल्या. त्यांच्याही घरी तेच आहे, सहा वर्षं. दोघींच्या मधे एक भिंत, आणि मला पत्ता नव्हता.

पहिला घास गिळवेना. दुसरा गेला. आता पाचला मालुबाई आपलं ताट घेऊन आमच्या सोप्यात येतात. ह्यांचं ताट झाकून ठेवते. परवा झाकण काढून ह्यांनी मला विचारलं, तू जेवलीस का. जेवले म्हटलं. काल पुन्हा पिऊनच आले.

कार्तिकातले आठ उपास रद्द. पातळ नेसले, त्याच्यावर आमटी सांडली आहे. येताना बिनलसणाची शेंगाचटणी आण, दोघींपुरती. मालुबाई लई खातात.

तुझी राजमती