सक्तीविरोधी उमेदवार

कोथरूड, २६ डिसेंबर

ती. दादास,
चैतालीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर दुसऱ्या मिनिटाला आपलं भांडण जुंपतं, म्हणून कागद घेतला. हसू नकोस.

आमच्या रेडिओ केंद्रावर महापालिकेच्या उमेदवारांच्या मुलाखती चालू आहेत. सरकारने रस्ता, पाणी आणि पोलीस एवढंच बघावं, बाकी माणसाला मोकळं सोडावं, हे तुझं म्हणणं इथे कुणालाच पटत नाही. घरकामगार येतात, धरणग्रस्त येतात. तुझ्यासारखा एकही येत नाही. केंद्रप्रमुखांनी विचारलं, तुमचे बंधूही उभे आहेत ना, ते येतील का? मी म्हटलं, येतील, आणि आमचाच चहा पिऊन आम्हालाच चार शब्द सुनावून जातील.

एक मात्र आधी विचारते. हेल्मेटसक्तीचा विषय निघणारच. सक्तीविरुद्धच्या मोर्चात तू पुढे होतास. मग उत्कर्षाचंही निघेल. लेकीला जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. तू नको म्हणालास तर मी ते विचारणार नाही.

वहिनींना नमस्कार. रागावलास तरी लोभ तेवढा आटू देऊ नकोस.

तुझी,
चैताली

धायरी, ३० डिसेंबर

चि. चैतालीस,
अनेक आशीर्वाद.

येतो. चहा मात्र घरून पिऊन येईन. फुकट वाटपाला माझा विरोध आहे.

बाकी काय वाटेल ते विचार. आपल्या जमिनीवर बागेचं आरक्षण टाकून बाबांना आयुष्यभर झुलवलं. बाग झाली नाही आणि जमीनही सुटली नाही. माणसाचं भलं त्याच्यापेक्षा कचेरीला जास्त कळतं, यावरचा माझा विश्वास तिथेच उडाला.

उत्कर्षाचं विचारू नकोस. माझ्यासाठी नाही, तुझ्या वहिनीसाठी, कौशल्यासाठी. पोरगी गेल्यापासून घरात शांतता नको म्हणून ती दिवसभर तुमचं केंद्र लावून ठेवते. पत्रकातून हेल्मेटचा मुद्दा काढा, असं मित्रही सांगून गेले. मी काढला नाही. स्वतःला झळ लागली की मत फिरवणारे पुष्कळ आहेत. उत्कर्षा वीस वर्षांची होती, जाणती होती. हेल्मेट घरात होतं. तिने नेलं नाही. तिचा निर्णय होता तो. हे वाक्य मी रोज सकाळी स्वतःला म्हणून दाखवतो, मग दुकान उघडतो.

तब्येतीला जप, आणि भावावर आहे ती माया राहू दे.

तुझा,
विश्वजीतदादा

कोथरूड, ६ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

काल मुलाखत संपल्यावर तू पाण्याचा पेला तसाच ठेवून निघून गेलास. फोन उचलत नाहीस. म्हणून लिहिते.

मी शब्द पाळला होता. तासभर तुला आरक्षणावर छेडलं, सरकारी शाळांवर छेडलं. उत्कर्षाचं नावही घेतलं नाही. श्रोत्यांचे फोन सुरू झाल्यावर आत निरोप आला की धायरीहून एक बाई आहेत, नाव सांगत नाहीत. "नमस्कार" ऐकताच मी वहिनींचा आवाज ओळखला. बटण माझ्या बोटाखाली होतं. दाबलं नाही. त्यांना घरी विचारता येत नसेल, म्हणून इथे विचारत असतील, असं वाटलं.

त्या म्हणाल्या, "उमेदवारांना एकच विचारायचंय. सक्ती असती तर माझी मुलगी आज घरी असती का?"

तू पेला उचललास, न पिताच खाली ठेवलास. मग म्हणालास, "असती."

आणि त्यांनी काही विचारायच्या आत म्हणालास, "तरीही सक्ती नको."

फोन बंद झाल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. केंद्रातले लोक म्हणतात, माणूस प्रामाणिक आहे. मला मात्र वाटतं, पहिल्या शब्दावर थांबला असतास तर बरं झालं असतं.

चुकलं असेल तर कान धर, पण परकी करू नकोस.

तुझी,
चैताली

धायरी, ११ जानेवारी

चि. चैतालीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं काही चुकलं नाही. विचारलं त्याला खरं ते उत्तर दिलं. खोटं मला येत नाही, आणि अर्धं खरं त्याहून येत नाही.

मुलाखतीनंतर माझी हवा झाली. परवा पोरांनी मोटरसायकलची फेरी काढली. पन्नासेक पोरं, सगळी बोडकी, आणि घोषणा काय, तर उत्कर्षाताई अमर रहे. मी पुढच्या जीपमध्ये उभा होतो. मागे वळून बघितलं की नुसती डोकी दिसत होती. जीप थांबवली, खाली उतरलो आणि हात जोडून म्हणालो, बाबांनो, हेल्मेट घाला. त्यांना वाटलं, साहेब गंमत करतायत. हसले आणि गाड्या काढल्या.

घरी आलो तर कौशल्याने बॅग भरली होती. बिबवेवाडीला भावाकडे जाते म्हणाली. मी रिक्षा बोलावून दिली. तिचा निर्णय होता.

कळावे. उत्तर नाही दिलंस तरी जिव्हाळा ठेव.

विश्वजीत

कोथरूड, १४ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

रिक्षा बोलावून दिलीस! काय म्हणावं तुला? तत्त्व उद्या, मतदान परवा. आज बिबवेवाडीला जा आणि वहिनींना घेऊन ये. नाही म्हणाल्या तर पुन्हा म्हण. दारात बसून राहा. एकदा तरी कुणाला तरी अडव, दादा.

हा हुकूम समज, आणि हुकूम सोडणारीवर माया कर.

चैताली

धायरी, १८ जानेवारी

चि. चैतालीस,
आशीर्वाद.

निकाल ऐकलाच असशील. अनामतही गेली. त्याचं काही नाही.

तुझं पत्र मतदानानंतर मिळालं. लगेच बिबवेवाडीला गेलो. मेव्हण्याने बसायला खुर्ची दिली. कौशल्या बाहेर आली. मी म्हणालो, चल घरी. ती नको म्हणाली. तू लिहिलं होतंस तसं पुन्हा म्हणालो. मग आयुष्यात पहिल्यांदा कुणाचा तरी हात धरून म्हणालो, "मी तुला इथे राहू देणार नाही."

तिने हात सोडवला नाही. ओरडलीही नाही. माझ्याकडे बघून नेहमीच्या आवाजात म्हणाली, "हे येतं की तुम्हाला. मग त्या सकाळी उत्कर्षा गाडी काढत होती, तेव्हा दारात नुसते उभे का राहिलात?"

हात मीच सोडला. एकटा परत आलो.

जमलं तर येत जा. घर मोठं आहे.

तुझा,
दादा