काचेवरच्या सहा गोगलगाई

अहो,

तुम्ही असताना कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत, आणि आता कागद घेऊन बसलेय. काय करू? आज तुमची माशांची टाकी बघायला एक गिऱ्हाईक आलं होतं. त्याच्यासमोर आत्या म्हणाल्या, "गोगलगाई हिच्या हातनं मेल्या. मला हात लावू दिला न्हाय, आन् सगळ्या मारल्या." तुमच्याच आई त्या! ओठावर आलेलं मी गिळलं. पण तुम्हाला सांगितल्याशिवाय आता चैन पडायचं नाही.

काय खूळ होतं हो तुमचं! कळंब्यात राहून घरात समुद्र पाळायचा! मालवणहून ओळखीच्या टेम्पोतून खाऱ्या पाण्याचे कॅन मागवायचे. काचेवर शेवाळ चढतंय म्हणून ते खायला मुंबईहून सहा गोगलगाई आणल्या, त्याही एसटीत मांडीवर पिशवी धरून. लग्नात मला एवढं जपून आणलं नव्हतं तुम्ही.

मग मिरजेला तुमचं ऑपरेशन ठरलं. छातीचं दुखणं राहिलं बाजूला, निघताना मलाच टाकीपुढं उभं केलंत. पाणी उडून जातं आणि मीठ मागं राहतं, म्हणून रोज खुणेपर्यंत गोडं पाणी घालायचं, ते पांढऱ्या कॅनमधलंच. गोगलगाय उताणी पडली तर सरळ करायची, तिला आपली आपण वळता येत नाही. "मी येईपर्यंत तेवढ्या जगव," म्हणालात. पण पांढऱ्या कॅनमधलंच का? ते सांगितलं नाही. कागलच्या कारखान्यात हाताखालच्यांना सांगायचा तसं, करायचं म्हणजे करायचं. सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

तिसऱ्या दिवशी एक उताणी पडली. सरळ केली, परत पडली. चौथ्या दिवशी आणखी दोन. मासे ठणठणीत, त्यामुळं मला काही उमगेना. एक बाहेर काढून वास घेतला, तर कुजलेली. तुमच्या वॉर्डातून फोन आला की पहिला प्रश्न तोच, आणि मी म्हणायची, "हायत की. चरत्यात काचेवर."

पाचव्या दिवशी सकाळी आंघोळ करून आले, तर आत्या स्टुलावर चढून टाकीत तांब्या ओतत होत्या. पाणी कुठलं? तांब्याच्या हंड्यातलं. चिंचेनं घासून लखलखीत केलेल्या हंड्यात रात्रभर ठेवलेलं, घरात आजारी माणसाला आपण पहिलं देतो ते. मला म्हणाल्या, "रोज घालतोय मी. ह्या जगल्या की माझा दिनू घरी येतोय बघ."

शंका आली म्हणून तुमच्या त्या मासेवाल्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "वहिनी, तांबं उतरलेल्या पाण्यात मासा एकवेळ तगंल. गोगलगाईला ते इखच की."

दुसऱ्या दिवशी तुमचं ऑपरेशन होतं. ज्या माउलीनं तुमचा जीव त्या गोगलगाईंना बांधून ठेवला होता, तिला मी काय सांगायचं? आत्या, तुमच्याच पाण्यानं मेल्या, म्हणून? जागच्या जागी कोसळल्या असत्या. मी स्टूल उचलून आत नेलं आणि म्हटलं, "आजपासनं टाकीला हात लावायचा न्हाय. माझं मी बघतो." आत्या त्या दिवशी जेवल्याच नाहीत.

बादल्यांनी निम्मी टाकी उपसली, साठवलेले खाऱ्या पाण्याचे दोन्ही कॅन फोडून तिच्यात ओतले. पाठ मोडली पार. ऑपरेशनच्या सकाळी दोनच उरल्या होत्या. आत्या टाकीपुढं चटई टाकून बसल्या, नजर काचेवर. मी फोनपाशी, पण माझीही नजर तिकडंच. एखादी सुटून खाली पडली तर आत्यांचं काय करू, एवढंच डोक्यात. वरची जरा घसरली तेव्हा आत्यांनी माझा हात असा आवळला, की बांगडी वाढली. दुपारी फोन आला, तुम्ही शुद्धीवर आला होता. आत्या रडल्या. दोन्ही गोगलगाई दुसऱ्या दिवशी गेल्या.

तुम्ही घरी आलात, रिकामे शंख बघितलेत आणि म्हणालात, "एवढं एक काम सांगितलं होतं तुला." चार दिवस बोलला नाहीत. आत्या दारात उभ्या होत्या. मी भाकरी थापत राहिले.

त्यानंतर पाच वर्षं होता तुम्ही. एकांतात सांगता आलं असतं. पण तुमचं तोंड मला ठाऊक, आईला बोलून मोकळे झाला असता. आणि खरं सांगू? मलाही हेका होता. एवढी वर्षं संसार केलाय, ओळखू देत की आपलं आपण! नाही ओळखलंत. त्याचा राग अजून आहे माझ्या मनात, आणि आपणच सांगितलं नाही ह्याचंही वाईट वाटतंय.

आत्या आता ऐंशीच्या पुढं गेल्या. तुमच्यामागं सकाळी नुसत्या बसून असतात, मी हंड्यातलं पाणी दिलं की निमूट पितात. त्यांना मी कधीच सांगणार नाही, हा शब्द तुम्हाला देते. आल्यागेल्यासमोर त्या काहीही म्हणोत, त्या असेपर्यंत गोगलगाई माझ्याच हातनं मेल्या.

फक्त तुम्ही तेवढं तसं समजू नका.

तुमची,
शालन