तुझ्या निबंधातला एव्हारिस्तो

प्रिय सित्लाली,

तुमच्या घराचं दार माझ्या पायरीवरून दिसतं. हाक मारली तर ऐकू जाईल एवढंच अंतर. तरी हे पत्र पोस्टाने पाठवतेय. तोंडाने बोलायला आले तर मी रडेन, नाहीतर तू रडशील, आणि दोघींपैकी एकीचंही बोलणं पुरं व्हायचं नाही. शिवाय खरं सांगू? माझ्यात आता भांडायचंही त्राण नाही आणि समजूत घालायचंही. पेअरची तोडणी सुरू झालीय. फळं निवडायच्या शेडमधला पट्टा सकाळी फिरायला लागतो तो संध्याकाळपर्यंत थांबत नाही. घरी येऊन डोळे मिटले तरी फळं आपली डावीकडून उजवीकडे सरकतच असतात. आज रविवार. चर्चमधली मिस्सा झाली, राजमा शिजत टाकलाय, नोएमी बाहेर गेलीय. पाय बादलीतल्या गार पाण्यात सोडून लिहितेय, म्हणून अक्षर जरा वाकडं आलं तर हसू नकोस.

तुला बाप्तिस्म्याला मी हातावर धरलं होतं. पाद्रींनी डोक्यावर पाणी घातलं तेव्हा तू हूं की चूं केलं नाहीस, आणि बाहेर आल्यावर माझ्या नवऱ्याच्या, एव्हारिस्तोच्या नव्या शर्टावर सगळं दूध ओकलीस. तो म्हणाला, "झालं, आता ही आपलीच." तेव्हापासून मी तुझी माद्रिना, धर्माची आई, तो तुझा पाद्रिनो, धर्माचा बाप, आणि तुझी आई ओफेलिया माझी कोमाद्रे, बहिणीसारखी. तुझे बाबा अर्धं वर्ष अलास्काला मासळीच्या कारखान्यात, त्यामुळे तू अर्धं वर्ष आमच्याच टेबलावर जेवलीस. नोएमी आणि तू एका वर्षाच्या. कुणाचे बूट कुणाच्या पायात आहेत हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणूनच गेल्या वर्षी तुम्ही दोघींनी एकाच शिष्यवृत्तीला अर्ज करायचं ठरवलंत तेव्हा आम्हा दोघी आयांना त्यात काही वावगं वाटलं नाही. एकाच ताटात जेवणाऱ्या मुली एकाच रांगेत उभ्या राहतील, एवढंच.

त्या शाळेतल्या सभा तुला आठवतात? तुम्ही मुलं एका बाजूला, आम्ही पालक लायब्ररीतल्या त्या लहान खुर्च्यांवर, अंगाला सफरचंदांना लावायच्या मेणाचा वास. मिस बारागान बिचाऱ्या घसा फोडून सांगायच्या, लॅटिनो मुलांसाठीच आहे ही शिष्यवृत्ती, चार वर्षांचं सगळं शिक्षण होईल, देशभरातून अर्ज येतात, मूठभर मुलं निवडतात. मागे कुणाचा तरी बाप घोरायला लागायचा. मग त्या म्हणायच्या, "मुलांना आपली गोष्ट सांगू द्या. लाजू नका. वाचणाऱ्यांना कळायला हवं, तुम्ही कशातून आलात." त्यावर तुझी आई माझ्या कानाशी लागली, "कोमाद्रे, आपण तर थेट शेडमधून आलो. आणखी कशातून यायचं?" आम्ही दोघी तोंडावर हात दाबून इतक्या हसलो की मिस बारागानांनी वळून पाहिलं. एव्हारिस्तो गेल्यानंतरचं ते माझं पहिलं हसू. हसले आणि लगेच मला लाज वाटली.

दुसऱ्या फेरीला पालकांचीही मुलाखत होती, ती तुमच्याकडेही झाली. आमच्याकडे पडद्यावर एक बाई आल्या. छान बोलणाऱ्या, स्पॅनिश अगदी पुस्तकातलं. विचारलं, "संध्याकाळी कुटुंब म्हणून तुम्ही एकत्र काय करता?" मी म्हटलं, "झोपतो." नोएमीने टेबलाखालून अशी लाथ मारली की दोन दिवस नडगी दुखत होती. बाई हसल्या आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. त्या फेरीत नोएमीचं नाव गळालं. पुढे कितीतरी दिवस मला वाटायचं, माझ्या त्या 'झोपतो'मुळेच गेलं. तुझी आई म्हणाली, "वेडी आहेस का? मीही तेच सांगणार होते, पण सित्लालीने आदल्या दिवशी माझ्याकडून 'आम्ही वाचतो' एवढं पाठ करून घेतलं होतं." तू नेहमीच शहाणी.

पण नाव का गळालं ते मला ठाऊक आहे, आणि तुलाही असणार. अर्जाच्या आदल्या जूनमध्ये चेरीच्या तोडणीत एव्हारिस्तो शिडीवरून उतरला, झाडाखाली सावलीला बसला, आणि उठला नाही. उन्हाने हृदय थांबलं असं म्हणाले. मग शरद ऋतूत अर्ज भरायची वेळ आली. मिस बारागान नोएमीला अगदी मायेने म्हणाल्या, "बाळ, तुझ्याकडे सांगण्यासारखं आहे." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण पोरगी घरी आली ती दप्तर फेकूनच. म्हणाली, "पप्पांवर मार्क मिळवायचे? पप्पा म्हणजे निबंधाचा विषय आहे का?" मी म्हटलं, मग नको लिहूस. तिने तिच्या त्या अगडबंब गिटारवर, गिटारोनवर लिहिलं. शाळेच्या मारियाची वाद्यवृंदात सगळ्यांत बुटकी मुलगी ती आणि सगळ्यांत मोठं वाद्य तिच्याच गळ्यात, त्याची गंमत. मला वाचून दाखवलं तेव्हा मी खूप हसले. त्यात बापाचं नावसुद्धा नव्हतं. नाव गळाल्याचं कळलं तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं. आता मलाही झोपता येईल." आणि खरंच जाऊन झोपली. मी मात्र ओट्याशी उभी राहून भाकरीएवढ्या जाड तोर्तिया लाटत राहिले.

तुझं नाव आलं त्या दिवशी मला आनंद झाला होता, सित्लाली. हे तू कधी विसरू नकोस. तुझी आई पळत आली, दारातच तिचा पाय मुरगळला, आणि आम्ही दोघी पायरीवर बसून एकाच वेळी रडत होतो आणि तिच्या घोट्याला बर्फ लावत होतो. नोएमीही आली. तिने तुला मिठी मारली ती खोटी नव्हती. मी आई आहे तिची, मला खोटी मिठी ओळखू येते.

मग ती चर्चच्या हॉलमधली दुपार. सगळ्या वस्तीने घरून मक्याचे तमाले उकडून आणले होते. तू पिवळा ड्रेस घातला होतास. पाद्री म्हणाले, ज्या निबंधावर ही मोहीम फत्ते झाली तो आम्हालाही ऐकव. तू आधी नाही म्हणालीस, ते मी पाहिलं. तुझी नजर आमच्या टेबलाकडे गेली तेही पाहिलं. पण लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि टाळ्यांपुढे कुणाचं काय चालतं! तू वाचायला लागलीस आणि पहिल्या दोन वाक्यांत मला कळलं, हा एव्हारिस्तो आहे. कालव्याच्या कच्च्या रस्त्यावर त्याने तुला त्याचा जुना ट्रक चालवायला शिकवला ते. तुझे बाबा इथे नाहीत म्हणून हिला शिकवायला हवं, असं तो मला म्हणाला होता खरा. पण त्या ट्रकमध्ये तो काय बोलायचा ते मला कुठे माहीत होतं? "क्लच म्हणजे सासू, पोरी. एकदम सोडलास तर गाडी जागच्या जागी मरते." हॉलमध्ये सगळे हसले. मग तो झाडाखाली बसला तिथे आलीस. शेजारच्या टेबलावरच्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या, माझा चेहरा आता कसा होतो ते पाहायला. नोएमीने खुर्ची मागे सरकवली. तो आवाज केवढा मोठा झाला! ती तुझ्याकडे न बघता बाहेर निघून गेली. तू मध्येच थांबलीस. मीही उठले आणि तिच्या मागे गेले. आमच्या ताटातलं अन्न तसंच राहिलं.

त्यानंतर तू दोनदा दारात आलीस. दोन्ही वेळा मीच सांगितलं की नोएमी झोपलीय. ती झोपली नव्हती, हे तुला कळत होतं, कारण आतून गिटारोन ऐकू येत होता. नोएमी मला एवढंच म्हणाली, "मी जे विकलं नाही, ते तिने विकलं. आणि ते तिचं नव्हतंसुद्धा." त्या वेळी मलाही तसंच वाटत होतं. तुझ्या आईशी शेडमध्ये बोलायचे ते फक्त पट्ट्याविषयी, पेट्यांविषयी. इतक्या वर्षांची कोमाद्रे, आणि जेवणाच्या सुट्टीत आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसायला लागलो. तिने एकदा विचारलं, "माझ्या मुलीने काय त्याला मारलं का गं?" मी डबा उचलून निघून गेले.

आता जे सांगते ते मी नोएमीलाही सांगितलेलं नाही. मला राग आला होता तो तू लिहिलंस म्हणून नव्हे. तू लिहिलंस ते मला माहीत नव्हतं म्हणून. एव्हारिस्तो घरी येऊन कधी सासूचे विनोद करत नसे गं. तो यायचा, बूट काढायचा, जेवायचा, मी भांडी घासेपर्यंत खुर्चीतच त्याचा डोळा लागायचा. मीही थकलेली असायचे, मलाही बोलायचं नसायचं. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांना सगळ्यांत जास्त काय दिलं असेल तर ती शांतता. मला वाटायचं, आहेच तो तसा, अबोल. आणि हॉलमध्ये शंभर माणसांसमोर तू वाचलंस की तो गाडीत गातो, थट्टा करतो, कालव्यातल्या बदकांना बागमालकांच्या नावांनी हाका मारतो. माझ्या वाट्याला थकलेला एव्हारिस्तो आला, तुझ्या वाट्याला बोलका. याचा राग कुणावर काढायचा? शेडवर काढता येत नाही, चेरीच्या बागेवर काढता येत नाही. तू समोर पिवळ्या ड्रेसमध्ये उभी होतीस, तुझ्यावर काढला.

आणि ते दुःख तुझं नव्हतं, हे नोएमीचं म्हणणं मला आता पटत नाही. अंत्यविधीला तू नोएमीचा हात धरून उभी होतीस. नंतर सगळी आम्हा मायलेकींना घेऊन बसली होती, तेव्हा तू एकटी अंगणात जाऊन त्याच्या ट्रकच्या काचा पुसत होतीस. कोरड्या फडक्याने, पुन्हा पुन्हा तीच काच. मी खिडकीतून पाहिलं होतं. ज्या मुलीचा बाप अर्धं वर्ष समुद्रापलीकडे, तिचंही कुणीतरी गेलं होतं. पण आम्हाला धीर द्यायला सगळे आले, तुझ्याकडे कुणीच आलं नाही. मीही नाही. तू मग ते कागदावर सांगितलंस, अनोळखी माणसांना. घरातल्यांनी विचारलं नाही तर माणूस दुसरं काय करणार?

गेल्या सोमवारी मला तू दिसलीस. दुसऱ्या पट्ट्याच्या टोकाला, डोक्यावर जाळी, हातात तुझ्या मापापेक्षा मोठे हातमोजे, डागी पेअर बाजूला काढत होतीस. मला वाटलं, सुट्टीचं काम असेल, पुस्तकांपुरतं. मग जेवणाच्या सुट्टीत ओफेलिया माझ्या बाकावर येऊन बसली. न विचारता. नुसती तोर्तियाचे तुकडे करत राहिली. शेवटी म्हणाली, "ती जाणार नाही म्हणते. या आठवड्यात त्यांना कळवून टाकणार. म्हणते, पाद्रिनोच्या जिवावर मिळालेलं मला नको, त्यापायी नोएमी गेली, माद्रिना गेली." आणि मग माझी कोमाद्रे, जिला मी कधी कुणापुढे हात जोडताना पाहिलं नाही, तिने माझा हात धरला. म्हणाली, "तू सांगितलंस तर ऐकेल."

म्हणून हे पत्र, सित्लाली. कळवू नकोस त्यांना. जा. मी तुला माफ वगैरे करत नाहीये, कारण माफ करण्यासारखं तू काही केलेलं नाहीस. एव्हारिस्तोने तुला काही विकायला दिलं नव्हतं. जे होतं ते आपणहून दिलं होतं, आणि दिलेलं परत मागायची त्याला सवय नव्हती. नोएमीच्या वतीने मी काही कबूल करू शकत नाही. तिचा राग अजून आहे, आणि तो तिचा आहे. जाईल कधीतरी, किंवा नाहीही जाणार. ती इथल्याच कॉलेजात जातेय, मजेत आहे, तिच्यासाठी तू शेडमध्ये उभी राहिलीस तर तिला आनंद होणार नाही, उलट आणखी चिडेल. पण जायच्या आधी एकदा माझ्याकडे ये. माझ्यासाठी ये. तू लिहिलंस ते एकाच पानात मावेल एवढं होतं, आणि तो तुझ्याबरोबर सबंध वसंत ऋतू त्या रस्त्यावर होता. बाकीचं कुठे आहे? आणखी काय काय बोलायचा तो? माझ्याविषयी कधी काही म्हणाला का? चांगलं नसलं तरी चालेल. मी खूप थकलेय गं, पण तेवढं ऐकेपर्यंत जागी राहीन.

तुझीच,
माद्रिना एदेल्मिरा