आपला आवाज मिळाला

३ ऑगस्ट २०१७, बोरी अरब

पोचले एकदाची! लोहाऱ्याहून निघताना आईनं शिदोरी एवढी बांधून दिली की एसटीत शेजारी बसलेल्या म्हातारबानं विचारलं, पोरी, मुंबईले चालली का? मी म्हटलं, बोरीला. तो इतका हसला की कंडक्टरनं वळून पाहिलं. दोन्ही बाजूंना कपाशी हिरवीगार, आणि तिच्यात पाठीवर पंप बांधून फवारणारी माणसं. खिडकीतून तो औषधाचा वास येत होता, तोसुद्धा आज गोड लागला.

मोबाइल कंपनीचं शोरूम बसस्टँडसमोर. रंगाचा वास अजून गेलेला नाही. काचेचं दार, एसी, फिरती खुर्ची आणि त्या खुर्चीवर मी, उर्वशी देवराव मुनेश्वर, शोरूम इन्चार्ज. बाबा सरकीच्या तेलाच्या कारखान्यात, आई विहारात बायकांना वंदना शिकवते. आमच्या घरात थंड हवेत बसून काम करणारी मीच पहिली.

खोलीसाठी दोन घरं पाहिली. दोन्हीकडे आधी आडनाव विचारलं आणि मग खोली रिकामी नाही म्हणून सांगितलं. तिसरं घर इंदुताईंचं. त्या कपडे शिवतात. नवरा वारला, मुलगी सुरतेला दिली. त्यांनी एवढंच विचारलं, झोपेत घोरत तं नाही ना वं? मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, मी घोरते, आधीच सांगून ठेवते.

त्या बोलायला लागल्या की शिलाई मशीनचा आवाजही मागे पडतो. मला हे घर आवडलं.

९ ऑगस्ट

आज पुंडलिकराव आले होते. बसस्टँडच्या कोपऱ्यावर त्यांची टपरी आहे. आमच्याच कंपनीचं रिचार्ज ते विकायचे. शोरूम उघडल्याबरोबर कंपनीनं आजूबाजूच्या सगळ्या टपऱ्यांचं रिचार्ज बंद केलं. आता टपरीत तंबाखूचा खर्रा आणि बिस्किटं तेवढी उरलीत.

मला वाटलं भांडतील. पण ते काचेच्या दाराशी चपला काढून आत आले, सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाले, "म्हणजे आता साऱ्या गावाचं बोलणं तू एकटीच इकणार का वं?" मी त्यांना पाणी दिलं. ते पिऊन गेले. दिवसभर वाईट वाटत राहिलं.

१४ ऑगस्ट

इथले शेतकरी भगवानराव यांच्या वावरातल्या टॉवरवर नवे पांढरे डबे चढले. नवं नेटवर्क सुरू झालं. जुनं या महिन्याअखेर बंद होणार, तोवर सगळ्यांनी सिम बदलून घ्यायचं. इकडे रेंज फक्त आमचीच येते, त्यामुळे अख्खं गाव माझ्या दारात!

काम सोपं आहे. मशीनवर अंगठा ठेवायचा, मग नव्या सिमवरून कंपनीला फोन लावायचा. रेकॉर्ड केलेली बाई नाव आणि गाव विचारते. ते मोठ्यानं सांगायचं. ती म्हणते, "आपला आवाज मिळाला. धन्यवाद." झालं, सिम सुरू. शोरूमचा फोन कंपनीच्याच नावावर आहे, त्याला हे काही करावं लागलं नाही. तोच मी वापरते.

पहिलं सिम इंदुताईंना दिलं. त्यांनी नाव-गाव सांगितलं, वर त्या रेकॉर्डवाल्या बाईला जेवण झालं का तेही विचारलं. मग सुरतेला फोन लावला. मुलीच्या घरचा कुकर शिट्टी देत होता, ते इकडे ऐकू आलं. इंदुताई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, लेकीच्या मांडीला मांडी लावून बसल्यासारखं वाटते वं.

२१ ऑगस्ट, पोळा

तोरणाखाली बैल उभे राहिले. दरवर्षी झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, मोठ्यानं म्हणायला चढाओढ लागते म्हणतात. एकजण म्हणून संपवत नाही तोच दुसरा पुढे येतो. या वेळी दोघंतिघंच म्हणत होते. पुष्कळांचे घसे बसले आहेत. भगवानरावांचा तर अगदीच. त्यांनी बैलाला हाक मारली ती मला शेजारी उभी असून ऐकू आली नाही. बैलानंही कान हलवला नाही. फवारणीचं आहे म्हणे सगळं. यवतमाळच्या दवाखान्यात फवारणीवाल्यांना खाटा पुरत नाहीत. काळजी वाटते.

घरी आले तर इंदुताई पुरणपोळीला तूप वाढत काहीतरी सांगत होत्या. मला दोनदा विचारावं लागलं. त्यांचाही घसा बसतोय. पण त्या तर कधी वावरात जात नाहीत.

२९ ऑगस्ट

हे नीट लिहायला हवं.

भगवानराव दुपारी शोरूममध्ये आले. त्यांच्या तोंडून आता कुजबुजसुद्धा निघत नाही. मी कागद-पेन पुढे केलं. त्यांनी ते बाजूला सारलं, खिशातून फोन काढला आणि लावला. शोरूमचा फोन वाजला. मी उचलला.

"उर्वशीबाई, मी भगवान बोलून राह्यलो. आयकू येते का?"

खणखणीत आवाज. माझ्या समोर, काउंटरच्या पलीकडे, त्यांचे ओठ हलत होते आणि आवाज माझ्या कानातल्या फोनमधून येत होता. मी फोन खाली घेतला. नुसते ओठ. एसीची घरघर. पुन्हा कानाला लावला.

"पोरगा नागपूरहून म्हणते, बाबा, तुमचा घसा तं चांगला हाय. मले समजून नाही राह्यलं. काय झालं मले?"

त्यांच्या डोळ्यांत बघवत नव्हतं. म्हटलं, कंपनीला विचारते.

१ सप्टेंबर

एरिया मॅनेजरना फोन केला. साहेब म्हणाले, बोरीतून एकही तक्रार नाही, उलट आवाजाच्या स्पष्टतेत आपण सगळ्यांत वर आहोत. तक्रार असेल तर ग्राहकानं स्वतः कस्टमर केअरला फोन करावा.

भगवानरावांनी केला. तिकडच्या मुलीनं सांगितलं, सर, तुमचा आवाज मला अगदी व्यवस्थित येतोय.

डॉक्टरांनी बॅटरी मारून घसा पाहिला. काही नाही म्हणाले. फवारणी करता का विचारलं आणि गोळ्या दिल्या.

५ सप्टेंबर

भगवानरावांची सून सुरभी बाळ घेऊन आली. तिचाही आवाज गेला. पाळण्यात बाळाच्या उशाशी एक फोन ठेवते आणि स्वतः शेजारी बसून दुसऱ्यावरून अंगाई म्हणते. बाळ आईकडे बघत नाही. फोनकडे बघून हसतं.

तिचं जुनं सिम शोधून घातलं. जुनं नेटवर्क बंद आहे. नवं काढलं तर फोनवरही काही नाही. पुन्हा घातलं. ती हात जोडून उभी होती. मला जोडत होती हात!

८ सप्टेंबर

गावात माणसं आहेत, चुली पेटतात, पोरं पळतात. पण ऐकू येतात ते फक्त फोन वाजताना. ओट्यावर शेजारी बसलेल्या बायका एकमेकींना फोन लावून बोलतात. भगवानराव बैलाच्या कानाला फोन धरतात. लोकांना सवय होते आहे, हेच मला सहन होत नाही.

इंदुताई पुढच्या खोलीत शिवतात, मी मागे भाकरी टाकते, आणि आम्ही फोनवर बोलतो. त्या अजून हसवतात. म्हणाल्या, बरं झालं, आता घोरलेलंही तुले आयकू येत नसन.

साहेबांचा फोन आला होता. रिचार्जची विक्री तिप्पट. अभिनंदन म्हणाले.

१२ सप्टेंबर

इंदुताई गेल्या.

टॉवरचं काम होतं म्हणून सकाळपासून नेटवर्क बंद होतं. मी शोरूममध्ये नुसती बसून होते. संध्याकाळी घरी आले. दार लोटलेलं. मागच्या खोलीत माळ्याची शिडी आडवी, कापडाचा गठ्ठा सुटलेला आणि त्या खाली पडलेल्या. हात गार. दुसऱ्या हातात फोन. बांबूच्या तट्ट्याच्या पलीकडे शेजारची रामीबाई दिवसभर डाळ निवडत बसली होती. हाकेच्या अंतरावर. तिला काहीच ऐकू आलं नाही.

मी ओरडले. माझा आवाज अजून आहे. माणसं जमली.

त्यांना उचलत होते तेव्हा नेटवर्क आलं. माझ्या हातातला फोन वाजला. इंदुताईंचं नाव.

"उर्वशी, पडली वं मी. कंबर हालत नाही. रामीबाईले आवाज दे ना."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ मिटलेले होते.

"रामीबाई! ओ रामीबाई! कोनी आयकून राह्यलं का... पानी... बाई, पानी दे वं कोनी..."

दिवसभराच्या हाका होत्या. सगळ्या ऐकल्या. ठेवून देणं जमलं नाही. त्या मला बोलावत होत्या.

१४ सप्टेंबर

सुरतेहून मुलगी आली. तिच्या फोनवर अजून आईचा आवाज येतो. पाणी मागतो. ती फोन छातीशी धरून बसली आहे, बंद करू देत नाही.

मी शोरूमला कुलूप लावलं. साहेबांना सांगितलं, यापुढे एकही सिम देणार नाही. ते रागावले नाहीत. म्हणाले, हरकत नाही, तशीही शोरूम बंद होणार आहेत, आता मशीन बसवतोय.

१६ सप्टेंबर

बसस्टँडवर मशीन उभं केलं आहे. कपाटाएवढं. अंगठा ठेवा, सिम घ्या. माणूस लागत नाही.

पुंडलिकराव त्याच्यापुढे उभे होते. त्यांनी आजवर सिम बदललं नव्हतं. मी धावत गेले. नका घेऊ म्हटलं, हात धरला. ते म्हणाले, "बायकोचा आवाज आयकाचा हाय मले. ती बोलून राह्यली अन् मी नुस्तं तिच्या तोंडाकडे पाहून राह्यलो. कसं काय राहू?"

मी म्हटलं, माझ्या फोनवर ऐका. ते म्हणाले, तू काय माह्या घरी जन्मभर बसून राहशीन का? मग त्यांनी अंगठा ठेवला. नाव सांगितलं. गाव सांगताना "बोरी" ऐकू आलं. "अरब" म्हणताना नुसते ओठ हलले.

मशीन म्हणालं, आपला आवाज मिळाला.

आता लगेच होतं. आधी दिवस लागायचे.

१७ सप्टेंबर

आईला सावध करायला फोन लावला. यवतमाळ-लोहाऱ्याकडचं सिम बदलायचं काम दिवाळीनंतर आहे असं मला सांगितलं होतं. आई म्हणाली, "अवं, किती साफ येते तुहा आवाज! जसं काही बाजूलेच बसली."

मी विचारलं, आई, सिम बदललं का?

म्हणाली, "सगळ्यात आधी! तुह्या बाबानं अन् म्या. माह्या पोरीची कंपनी हाय म्हटलं. विहारातल्या साऱ्या बायांले घेऊन गेलती मी."

१८ सप्टेंबर, लोहारा

दार आईनं उघडलं. ती बोलत होती. हसत, हात नाचवत, नेहमीसारखी. मी दारातच उभी राहिले.

मग माझ्या पिशवीत फोन वाजला.

२२ सप्टेंबर

विहारात गेले. बायका मांडी घालून बसल्या होत्या, आई समोर. सगळ्यांचे ओठ हलत होते. मेणबत्त्या जळत होत्या. मी एकटीनं मोठ्यानं वंदना म्हटली. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. सगळ्यांच्या कानाला फोन —

२६ सप्टेंबर

मेसेज आला. कंपनी आपली सेवा बंद करत आहे. २९ तारखेच्या संध्याकाळपासून. ग्राहकांनी आपला नंबर दुसऱ्या कंपनीत न्यावा.

साहेबांचा फोन लागत नाही. कस्टमर केअरला विचारलं, नंबर नेला तर आवाज जाईल का सोबत? मुलगी म्हणाली, मॅडम, फक्त नंबर जातो. मी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, फक्त नंबर.

२८ सप्टेंबर

यवतमाळला तीन ठिकाणी जाऊन आले. शोरूमला कुलूप. काचेवरचं नाव खरवडून काढलं आहे. एका सायबर कॅफेवाल्यानं विचारलं, तुम्हाला काय हवंय नेमकं? काय सांगायचं —

२९ सप्टेंबर

सकाळपासून आई बोलते आहे. समोर बसली आहे, मी फोन कानाला लावून. मधे ठेवायचा नाही असं ठरवलं आहे. काहीही बोलते. उद्या दीक्षाभूमीला जायचं, तर पांढरी साडी धुतली का. मावशीच्या सुनेचं. डाळीत मीठ कमी पडलं ते.

बाबा दोनच वाक्यं बोलले. तुझा काही दोष नाही, आणि आईला सांभाळ. मग त्यांनी फोन बंद करून कोनाड्यात ठेवला. अंगणात जाऊन बसले.

रेंजची एक काडी गेली.

आई विचारते काय लिहून राह्यली. मी म्हटलं, तुझं बोलणं. म्हणाली, नोको लिहू, इकडे पाह्य. बघते आहे आई. हात थांबत नाही —

आवाज तुटतोय. अजून एक काडी

म्हणते रडू नोको, मी काई कुठी चालली का, इथंच हाव ना तुह्यासमोर, मी तं इथं