परतल्यावर सांगा

ता. ४ जून

चि. धाकटेराव यांस,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

फ्रिगेट सोडून आपण स्वेच्छेने पाणबुडी पत्करल्याचे वृत्त कर्णोपकर्णी समजले. माझ्या अगाध नौकाशास्त्रानुसार विमानवाहू नौका म्हणजे लग्नघर; वऱ्हाडावाचून पाऊल उचलत नाही. विनाशिका म्हणजे आपली थोरली आत्या. शत्रू आकाशातून येवो वा समुद्रातून, समाचार घेणारच. फ्रिगेट हे तिचे आटोपशीर कन्यारत्न, पाणबुड्या हुडकण्यात निष्णात. आणि आपण हुडकल्या जाणाऱ्यांच्या पंक्तीस जाऊन बसलात!

विनोद पुरे. बाबांचे हृदय फार अशक्त झाले आहे. शस्त्रक्रिया झेपणार नाही, असे डॉक्टर म्हणतात. निरोप धाडल्यास कोणत्या नौकेवरून किती लवकर येता येते, तेवढे कळव.

ममत्व असू द्यावे, ही आज्ञा.
दादा

ता. १५ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

विमानवाहू नौकेवरून हेलिकॉप्टरने आणून सोडतात. विनाशिका किंवा फ्रिगेट जवळच्या बंदरात उतरवते. पाणबुडीतून येता येत नाही. गस्तीवर ती लपलेली असते. निरोप ऐकते, उत्तर देत नाही. घरची वाईट बातमी आली तर ती आधी फक्त कप्तानाला कळते. म्हणून निघण्यापूर्वी प्रत्येकाला विचारतात, लगेच सांगायचे की परतल्यावर? मी परतल्यावर म्हटले. पाण्यातले आवाज ऐकणे हे माझे काम. माझ्या कानांवर सगळ्यांचा जीव. तिथे रडणारा माणूस चालत नाही.

बाबांना यातले काही सांगू नकोस. महिनाअखेर निघतो.

रागावलास तरी माया आटू देऊ नकोस.
धाकटा

ता. २३ जून

चि. धाकटेराव यांस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझे पत्र नित्याप्रमाणे बाबांच्या उशाशी बसून, साभिनय, मोठ्याने वाचले. ‘सांगू नकोस’ येईतो सर्व सांगून झाले होते. माझ्या गाढवपणास उपमा नाही.

बाबा म्हणाले, बरोबर केलं त्यानं, कामावर असताना नकोच. पण मग मलाही तीच सवलत द्या. बोट वेळेवर परतली नाही, तर मला सांगायचं नाही. येतोय, एवढंच म्हणत राहायचं. एवढे बोलून भिंतीकडे तोंड करून निजले.

येणेप्रमाणे तुम्हा उभयतांच्या दुर्वार्तांचा एकमेव कोठारपाल म्हणून माझी नियुक्ती झाली आहे. ‘दादा, तुला सांगायचे की नको?’ हे मात्र मला कोणीही विचारले नाही. मला बोलता येते; गप्प बसणे आजवर कधी साधलेले नाही, हे तुम्ही दोघेही जाणता.

तरी बसेन.

लोभ पाण्याखालीही असावा.
दादा