टाळ्यांसाठी सोडलेली जागा

प्रिय बंटी,

काल शेजारची श्रुती आली. "ताई, कॉलेजात वादविवाद स्पर्धा हाय. बंटीदादाचं ते भाषण देता का? कप भेटला होता ना त्याले!" विषय तोच, तंत्रज्ञानाने माणसाची ताकद वाढवावी का? म्हणून तू गेल्यावर सात महिन्यांनी पहिल्यांदा लिहिते आहे. रडायला नाही रे, आपलं भांडण अर्धवट राहिलं म्हणून.

आठवतं? चिठ्ठी काढली आणि तुला विषयाच्या बाजूने बोलायचं आलं. दोन ओळी धड लिहिता येत नव्हत्या तुला. "ताई, लिहून दे ना वं!" मी भाकरी थापता थापता सांगत गेले, तू उतरवून घेतलंस. चष्मा चालतो, लस चालते, बाबांच्या छातीत बसवलेलं यंत्र चालतं, मग कमी पडणाऱ्याने थोडा जोर मागितला तर ते पाप कसं? आणि पुढे कंसात: इथे थांब, टाळ्या पडतील.

पडल्याच! बडनेऱ्याला परतताना ऑटोत कप मांडीवर घेऊन किती मिरवलास! खरं सांगू? मला त्यातलं काहीच मनापासून वाटत नव्हतं. दुसरी चिठ्ठी निघाली असती, तर विरुद्ध भाषणही मी तेवढ्याच झोकात लिहून दिलं असतं.

मग पोलीस भरती. सोळाशे मीटरला दोनदा थोडक्यात हुकलास. तिसऱ्या खेपेला फ्रीजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे त्या बारक्या बाटल्या सापडल्या.

"हे काय रे?"

"जोर वाढवाचं इंजेक्शन. अकोल्याच्या जिमवाल्यानं देलं. सारेच घेऊन राहिले."

"बह्याड झाला का? फेक ते!"

तू ओट्याला टेकून उभा राहिलास, स्टेजवर उभा राहायचास तसा, आणि चष्म्यापासून सुरू केलंस. शब्द न् शब्द माझा! शेवटी हात पसरून म्हणालास, "इथं थांब, टाळ्या पडतील." आणि मी हसले, बंटी. बाटल्या तिथेच राहिल्या.

त्यानंतर बाराव्या दिवशी, भरतीच्या धावण्यात शेवटच्या फेरीला तू मैदानावर कोसळलास. डॉक्टर म्हणाले, हृदय सुजलं होतं.

माझं काहून ऐकलं रे? हेल्मेट घाल म्हटलं, ऐकलं नाहीस. सकाळी खाऊन पळ म्हटलं, ऐकलं नाहीस. आयुष्यात एकदाच ऐकलंस, तेही नेमकं हेच! राग येतो तुझा. स्वतःचा तर इतका येतो की कुणाशी बोलवत नाही.

आई रोज तो कप पुसते. पुसता पुसता विचारते, "माह्या लेकराच्या डोक्यात हे कोनं भरवलं वं?" मी जिमवाल्याला शिव्या घालते. आई मान हलवते.

श्रुतीला भाषण लिहून देणार आहे. बाबा त्या यंत्रावरच जगतायत, त्यामुळे ती बाजू खोटी आहे असंही मला म्हणता येत नाही. पण टाळ्यांच्या जागी लिहीन: इथे थांब, बंटीदादाचं काय झालं ते सांग.

आणि ते श्रुतीच्या तोंडून आईच्या कानी जायच्या आधी मी सांगेन. उद्या ती कप पुसायला घेईल तेव्हा तो तिच्या हातातून काढून घेईन आणि म्हणेन, "आई, मी भरवलं." हे वचन आहे, बंटी. या वेळी हसणार नाही.

तुझं भाषण लिहून देणारी,
ताई