साक्षीदार सखाराम गोविंद

१५ जून, रविवार
सकाळी मंगेशचा फोन. वृंदाच्या माहेरच्या, लालबागच्या चाळीतल्या गणेश मंडळाचा तो सेक्रेटरी. "सर, स्मरणिकेतला इतिहासाचा लेख तुम्हीच लिहायचा. चाळीचे जावई आहात, सुटका नाही." लगेच हो म्हणालो. मनातून खूश. कॉलेजात मुलांचं डोकं खात असतो, मूळ साधनांकडे जा, मूळ साधनांकडे जा. आता स्वतःच जाऊ. 'आमची चाळ म्हणजे एक कुटुंब' छापाचं काही लिहायचं नाही.
वृं. म्हणाली, "जास्त शहाणपणा करू नकोस. त्यांना फोटो आणि जाहिराती हव्यात."

१९ जून, गुरुवार
कॉलेजच्या लॉगिनवरून जुन्या इंग्रजी पेपरांचे स्कॅन उघडले. मराठी पेपरांच्या स्कॅनमध्ये शब्द शोधता येत नाही, पान न् पान बघावं लागतं. आळस केला, इंग्रजीवरच भागवलं.
आणि सापडलं. तीसच्या दशकातला एक संप, मारामारीची केस, कोर्टातला वृत्तान्त. सखाराम गोविंद नावाच्या जॉबरने, म्हणजे खात्यावरच्या मुकादमाने, गिरणीच्या बाजूने साक्ष दिली. संपकऱ्यांची नावं घेतली. त्यांना सजा झाली. त्याचा पत्ता? आपलीच चाळ, नावासकट!
डबा खायचा राहिला. स्क्रीनशॉट थेट मंडळाच्या ग्रुपवर. "मोठा शोध!! संपकऱ्यांना पकडून देणारा जॉबर आपल्याच चाळीतला! सखाराम गोविंद. कोणाला माहिती असल्यास कळवा."
तासभर कोणाचंच काही नाही. इतर वेळी गुड मॉर्निंगला पन्नास अंगठे येतात.

संध्याकाळी
वृं. ऑफिसातून आली ती चप्पल न काढताच. "अण्णांचं पूर्ण नाव काय?"
"वसंत सखाराम परब."
"आणि आजोबांचं?"

सखाराम गोविंद परब. त्यांचा फोटो मंडळाच्या ऑफिसात आहे, खाली 'कै. सखारामबुवा'. मंडळ काढणाऱ्यांपैकी एक, भजनाचे बुवा. दर गणपतीत त्या फोटोला हार मीच घालतो. गिरणी कामगारांची नावं कागदोपत्री आडनावाशिवाय येतात हे दरवर्षी सेकंड इयरला फळ्यावर लिहून देतो. आणि स्वतःच्या सासऱ्यांचे, अण्णांचे, वडील ओळखता आले नाहीत. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२० जून
मेसेज डिलीट केला. उपयोग शून्य, सगळ्यांनी वाचलाय. मंगेश म्हणाला, "बरं केलंत सर, डिलीट केलंत ते." इतक्या अदबीने म्हणाला की त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.
वृं. : "शोधलंस याचा राग नाही. आधी मला का नाही दाखवलंस?"
उत्तर माहीत आहे. टाळ्या हव्या होत्या. तिला सांगितलं नाही.

२२ जून, रविवार
वृं. एकटीच लालबागला गेली. मी पेपर तपासायचेत म्हणून घरी. पेपर उघडलेसुद्धा नाहीत.
अण्णा गॅलरीत बसत नाहीत म्हणे. खुर्ची आत, दार लोटलेलं. समोरच्या कदमांचा प्रवीण, त्याच्या पणजोबांना त्याच केसमध्ये सजा झाली होती. त्याने ग्रुपवर विचारलंय की बुवांचा फोटो आता राहणार का.
अण्णांनी वृं.ला एवढंच विचारलं, "जावई नाय इले?"

२५ जून
फोर्टात सरकारी दफ्तरखान्यात अर्ज दिला. केसचे मूळ कागद हवेत. ते बुवा नसावेत म्हणून शोधतोय. असं उत्तर आधी ठरवून शोधणाऱ्या विद्यार्थ्याला मी परत पाठवला असता.

१ जुलै, मंगळवार
कागद आले. कडा झडलेल्या, पान उलटताना श्वास धरावा लागतो. साक्षीची इंग्रजी नक्कल. सखाराम गोविंद, जॉबर, पत्ता चाळीचाच. मूळ गाव कराडजवळचं, जिल्हा सातारा.
सातारा! परब तर मालवणचे. दुसराच माणूस! एकेका खोलीत दहा दहा जण राहायचे तेव्हा, दोन सखाराम गोविंद असूच शकतात. परवानगी घेऊन फोटो काढला, प्रिंट काढली, तशीच बस पकडून लालबाग. वृं.ला तिकडेच बोलावलं.
ती आत चहा टाकत होती. मी अण्णांपुढे कागद ठेवला, कुठे काय लिहिलंय ते बोटाने दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग हळू आवाजात,
"साक्ष बाबांचीच. गाव खोटो सांगल्यानी. गावाक कळाक नको म्हणान."
"तुम्हाला कोणी सांगितलं?"
"तेंनीच. शेवटच्या दुखण्यात."
"पण दिली का?"
"इचारूक माझी छाती झाली नाय."
वृं. चहा घेऊन आली. कागद वाचला, ट्रे तसाच ठेवला आणि अण्णांच्या गळ्यात पडून रडायला लागली. सुटल्यासारखी. अण्णा तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि बघत होते माझ्याकडे. मी मान खाली घालून चहा प्यायलो.

२ जुलै
वृं.ने साक्षीच्या कागदाचा फोटो ग्रुपवर टाकला. 'हे आमचे आजोबा नव्हेत.' हात जोडलेल्या इमोजींचा पूर. संध्याकाळी प्रवीण कदम अण्णांच्या खोलीत जाऊन पाया पडून आला. "आजोबा, चुकलं माझं." हे वृं.नेच कौतुकाने सांगितलं. 
मंगेश : "सर, स्मरणिकेत खुलासा तुमच्या नावाने टाकू. तुम्ही हिस्टरीचे प्रोफेसर. तुम्ही लिहिलं की विषय संपला."
त्या दिवशी जे टाकलं ते खरं होतं आणि लाजेने तोंड लपवावं लागलं. आज सगळी चाळ खोट्यावर खूश आहे, तेही माझ्यामुळे. आजची लाज जास्त आहे.

४ जुलै
वृं.ला सांगावं का? दोनदा तोंडाशी आलं. ती गुणगुणत कपडे वाळत घालत होती. कदमांच्या पणजोबांना किती सजा, कुठे, पुढे काय झालं, त्या कागदांत असणार. मी बघितलंच नाही. सातारा दिसल्यावर गठ्ठा बांधून परत दिला.

५ जुलै
अण्णांचा फोन. आपणहून कधी करत नाहीत.
"लिवलात काय?"
"नाही अजून. तुम्हीच सांगा, काय लिहू?"
 मागे गॅलरीतली पोरं ओरडत होती, म्हणजे खुर्ची बाहेर आली असावी.
"माका इचारू नकात. मी तेंचो झील, ते माझे बाबा. लिवणारे तुमी."

६ जुलै, रविवार
उद्या प्रेसला जायचं. बाकी लेख पानांत लागला, खुलाशाची एक चौकट रिकामी. मंगेशचे सकाळपासून तीन मेसेज. शेवटी लिहिलं : 'उपलब्ध कागदपत्रांवरून साक्षीदार सखाराम गोविंद हे सातारा जिल्ह्यातील रहिवासी असल्याचे दिसते.' एकही शब्द कागदाबाहेरचा नाही. म्हणूनच किळस येते.
वृं. मागे येऊन उभी राहिली. वाचलं. खांद्यावर हात ठेवला, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा.
"छान झालंय. पण 'दिसते' कशाला? सरळ 'होते' लिही ना."